घराची दलाली : किती, कोणी आणि केव्हा द्यायची?



मागच्या कोजागरीला दूध आटेपर्यंत आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी एका बाजूला बसलो होतो. विषय निघाला घरांचा. पांढुर्णा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जिल्हा झाल्यापासून आपल्याकडे प्लॉट आणि घरे यांच्या गोष्टी जास्त ऐकू येतात. कोणाचा मुलगा नागपूरला स्थायिक झाला म्हणून इथले घर विकायचे आहे, तर कोणाला सौंसरला रस्त्याच्या जवळ प्लॉट हवा आहे. बोलता बोलता एकाने विचारले, "दलाली नेमकी किती द्यायची असते हो? कोणी एक म्हणतो, कोणी दोन म्हणतो." पाच जणांनी पाच उत्तरे दिली. मी चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच वर्षे घरकर्जाच्या फाइली पाहण्यात गेली. तरी माझे उत्तरही धड नव्हते. त्या रात्री घरी आल्यावर ठरवले की हा विषय एकदा नीट लिहून काढायचा.

आपण संत्र्याची बाग व्यापाऱ्याला देतो तेव्हा इसार किती, तोड केव्हा, उरलेले पैसे कधी, हे सगळे बांधावर उभे राहून बोलून घेतो. आयुष्यात एकदाच विकायचे ते घर मात्र आपण "बघून घेऊ, आपलाच माणूस आहे" एवढ्यावर सोडून देतो. याची किंमत काय पडते, हे मी माझ्या घरातच पाहिले आहे. तेच आधी सांगतो.

एकवीस आणि तेवीस साठ

माझी धाकटी बहीण सौंसरला राहायची. भाऊजी गेल्यावर ती एकटी पडली. मुलाने नागपूरला बोलावले, म्हणून घर विकायचे ठरले. ओळखीतला एक दलाल आला. त्याने विचारले, "ताई, हातात किती पाहिजे ते सांगा." बहीण म्हणाली, "मले हातात एकवीस लाख पाहिजे. वरचे तुमचे."

कागदपत्रे मी तपासली. नामांतरण झालेले होते, नगरपालिकेचा कर भरलेला होता, खरेदीखताची मूळ प्रत होती. रजिस्ट्री एकवीस लाखांची झाली, पैसे खात्यात आले, बहीण नागपूरला गेली. निघताना तिने दलालाला खुशीने वीस हजार आणि पेढ्याचा डबाही दिला.

सात-आठ महिन्यांनी जाम सावळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो असताना घर घेणारे गृहस्थ भेटले. म्हणाले, "काकाजी, घर चांगले आहे, पण तेवीस साठ जरा जास्तच झाले." मी म्हणालो, "तेवीस साठ? एकवीस ना?" ते म्हणाले, "रजिस्ट्री एकवीसची. वरचे दोन साठ बाईंना रोख पाहिजे होते म्हणून दिले."

मला तिथेच घाम फुटला. माझ्या बहिणीने रोख एक रुपया मागितला नव्हता, तिला तो मिळालाही नव्हता. दोन लाख साठ हजार मध्येच राहिले होते, आणि वर रोख पैसा मागणारी बाई म्हणून तिचे नाव गावात झाले होते.

हिशेब असा आहे. तेवीस लाख साठ हजारांवर दोन लाख साठ हजार म्हणजे अकरा टक्के दलाली. खुशीचे वीस हजार वेगळे. दोन टक्के ठरली असती तर सत्तेचाळीस हजार दोनशे रुपये झाले असते आणि बहिणीच्या हातात तेवीस लाख बारा हजार आठशे राहिले असते, म्हणजे दोन लाख बारा हजार आठशे रुपये जास्त. त्या वर्षी तिने गुडघ्याचे ऑपरेशन पुढे ढकलले होते. मी चिडलो तर ती म्हणाली, "दादा, त्यानं इतकी धावपळ केली. मी काय विचारू त्याले?"

चूक त्या माणसाची होतीच, पण माझीही होती. मी सगळे कागद पाहिले. दलालीचा मात्र कागदच नव्हता, आणि तो मी मागितला नाही.

दलाली कशाची असते?

एक गोष्ट आधीच सांगतो. दलाल म्हणजे वाईट माणूस, असे माझे मत नाही. चांगला दलाल खूप कामाचा असतो. खरेदीदार शोधणे, चार वेळा घर दाखवणे, दोन्ही बाजूंना भावावर आणणे, पटवाऱ्याकडून खसरा आणि नकाशा काढायला मदत करणे, नगरपालिकेतली थकबाकी पाहणे, रजिस्ट्रीच्या दिवशी साक्षीदार आणि सेवा प्रदाता यांची जुळवाजुळव करणे ही सगळी कामे वेळ खाणारी आहेत. म्हाताऱ्या माणसाला किंवा परगावी राहणाऱ्या मालकाला ती एकट्याने जमत नाहीत. माझ्या बँकेच्या काळात एका दलालाने स्वतःहून येऊन सांगितले होते की या घरावर मालकाच्या दोन बहिणींचाही हक्क आहे, त्यांच्या सह्या घेतल्याशिवाय कर्ज देऊ नका. त्या एका वाक्याने खरेदीदाराचे आणि बँकेचेही पैसे वाचले.

अशा कामाचे पैसे द्यायलाच हवेत. त्या पैशाचा आकडा मात्र देणाऱ्याला माहीत असला पाहिजे.

दर कोण ठरवतो?

आपल्या मध्यप्रदेशात किंवा शेजारच्या महाराष्ट्रात घराच्या दलालीचा दर सरकारने ठरवून दिलेला नाही. "दोन टक्के नियमच आहे" असे कोणी म्हणाले तर तो रिवाज सांगत असतो. साधारण रिवाज असा आहे की विकणारा एक ते दोन टक्के देतो आणि घेणाराही एक ते दोन टक्के देतो. किंमत मोठी असेल तर टक्का कमी होतो. लहान प्लॉटला टक्क्याऐवजी ठोक रक्कम ठरते.

दर ठरलेला नाही याचा अर्थ तो बोलून ठरवता येतो. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला, टक्का कोणत्या रकमेवर? सौद्याच्या खऱ्या किमतीवर की कलेक्टर गाइडलाइनच्या किमतीवर?

दुसरा, तुम्ही समोरच्याकडूनही घेणार आहात का? दोन्हीकडून घेणे चूक नाही, पण दोघांनाही ते माहीत असावे. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस पूर्णपणे तुमच्याच बाजूने भाव करील, ही अपेक्षा ठेवू नये.

तिसरा, मध्ये आणखी कोणी आहे का? आपल्याकडे एका सौद्यात तीन-तीन मध्यस्थ निघतात. एकाने घर सांगितले, दुसऱ्याने गिऱ्हाईक आणले, तिसरा रजिस्ट्रीच्या दिवशी उगवतो. आपण दलाली एकदाच द्यायची, ती त्यांनी आपसात वाटून घ्यायची, हे आधीच सांगावे.

'वरचे तुमचे' का म्हणू नये?

हे दोन शब्द ऐकायला सोपे वाटतात. मालकाला वाटते, आपल्या खिशातून काहीच जात नाही. पण त्या क्षणी दलालाचे काम बदलते. आता तो तुमच्यासाठी जास्त भाव काढत नाही, स्वतःसाठी काढतो. मग खरेदीदार आणि मालक यांची समोरासमोर गाठ पडू न देणे त्याच्या फायद्याचे होते.

घेणाऱ्याचेही नुकसान होते. माझ्या बहिणीच्या सौद्यात त्या गृहस्थांनी तेवीस साठ दिले, पण कागदावर एकवीस आले. बँक कर्ज कागदावरच्या किमतीवर देते. तीस लाखांपर्यंतच्या घरकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज मिळू शकते. एकवीस लाखांवर ते अठरा लाख नव्वद हजार होते. तेवीस साठवर ते एकवीस लाख चोवीस हजार झाले असते. मधला फरक त्यांना उसनवारी करून उभा करावा लागला. पुढे ते हे घर विकतील तेव्हा आयकरात त्यांची खरेदी किंमत एकवीस लाखच धरली जाईल. दिलेल्या रोख पैशाचा नफा दिसेल आणि त्यावर कर लागेल. शिवाय खरेदीखतात खरी किंमत लिहिणे मुद्रांकाच्या कायद्याप्रमाणे बंधनकारक आहे, त्याचा धोका वेगळाच.

याबाबत कायदा जुना आणि स्पष्ट आहे. आपला भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. दलाल हा त्या कायद्याच्या भाषेत आपला अभिकर्ता, म्हणजे आपल्या वतीने काम करणारा माणूस. त्याने मालकाला न सांगता त्या व्यवहारात स्वतःसाठी धंदा केला तर त्याला झालेला फायदा मालक मागू शकतो, असे कलम २१६ सांगते. या कलमाखाली दिलेले उदाहरणही घराचेच आहे. मालकाने एक घर विकत घ्यायला सांगितले, अभिकर्त्याने ते मिळत नाही असे सांगून स्वतःच घेतले, तर त्याने ज्या किमतीला घेतले त्याच किमतीला ते मालकाला देणे भाग आहे. कलम २२० प्रमाणे कामात गैरवर्तन करणाऱ्याला त्या कामाचा मोबदलाही मागता येत नाही.

मग आम्ही दावा का केला नाही? पैसे रोख दिलेले, पावती नाही. आणि "वरचे तुमचे" हे शब्द बहिणीने स्वतःच्या तोंडाने म्हटलेले. त्यामुळे दलाल म्हणणार, मला परवानगी होती. कायदा आपल्या बाजूला असून पुरत नाही, कागदही लागतो.

दलाली केव्हा द्यायची?

सर्वांत जास्त भांडणे इथे होतात. इसार झाला की दलाल पैसे मागतो. मग कर्ज मंजूर होत नाही किंवा मालकाच्या भावाची हरकत येते. सौदा मोडतो आणि दिलेली दलाली परत मिळत नाही.

करार कायद्याचे कलम २१९ सांगते की वेगळे काही ठरलेले नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही. पण काम पूर्ण म्हणजे काय? दलाल म्हणेल, मी गिऱ्हाईक आणून इसार करून दिला, माझे काम झाले. तुम्ही म्हणाल, रजिस्ट्री झाली तरच काम झाले. म्हणून हे आधीच ठरवावे. मला बरी वाटलेली पद्धत अशी आहे: इसाराच्या वेळी ठरलेल्या दलालीचा चौथा हिस्सा द्यायचा, बाकी सगळी रजिस्ट्रीच्या दिवशी. खरेदीदाराचे कर्ज नामंजूर झाले तर कोणीच पुढे काही द्यायचे नाही. मालकाच्या कागदात खोट निघून सौदा मोडला तर दलालाच्या धावपळीची ठरलेली रक्कम मालकाने द्यायची. त्याने खरेच काम केलेले असते, त्याचे पैसे बुडू नयेत.

इसाराबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इसार दलालाच्या हाती देऊ नये, मालकाच्या नावाने चेक किंवा खात्यात द्यावा. आणि स्थावर मालमत्तेच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे. हा नियम जून २०१५ पासून आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. पन्नास हजार रोख इसार घेतला तर दंडही पन्नास हजार.

लेआऊटमधला प्लॉट आणि रेरा

जुने घर मालकाकडून घेणे आणि लेआऊटमधला नवा प्लॉट घेणे यांत फरक आहे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नियोजन क्षेत्रातल्या ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा लेआऊट किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटची योजना असेल तर तिची रेराकडे नोंदणी लागते. अशा नोंदणीकृत योजनेतला प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्या दलालाचीही नोंदणी लागते. नोंदणी नसताना त्याने हे काम केले तर दिवसाला दहा हजार रुपये, असा वाढत जाऊन मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. नोंदणी नसलेल्या योजनेतले प्लॉट विकून देणेही त्याला मना आहे. बुकिंगच्या वेळी योजनेची माहिती आणि कागद ग्राहकाला देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तसेच बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेता येत नाही.

लेआऊटचे दलाल बहुधा म्हणतात, "तुमच्याकडून एक पैसा नको." ते खरे असते, कारण त्यांना लेआऊटवाला देतो. पण लेआऊटवाला तो खर्च प्लॉटच्या भावातच धरतो. म्हणून थेट लेआऊटच्या ऑफिसात जाऊन दलालाशिवाय भाव काय पडेल, हे एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

जुने घर एका माणसाने दुसऱ्याला विकले तर त्या सौद्यातल्या दलालाला रेराची नोंदणी लागत नाही. तिथे तुमचे संरक्षण म्हणजे करार कायदा आणि तुमच्या हातातली चिठ्ठी. दलालाने पैसे घेऊन काम नीट केले नाही तर ग्राहक आयोगाकडेही जाता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीचे शुल्क लागत नाही.

नागपूरला घर घेताना

आपली निम्मी मंडळी आता नागपूरला घर पाहतात. १९५६ पर्यंत आपला छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते. आज मात्र सीमा ओलांडली की शब्द आणि नियम दोन्ही बदलतात. आपल्याकडे खसरा, तिकडे सातबारा. आपल्याकडे नामांतरण, तिकडे फेरफार. आपल्याकडे डायवर्शन, तिकडे एन.ए. आपल्याकडे कलेक्टर गाइडलाइन, तिकडे रेडी रेकनर. इथला ओळखीचा दलाल "नागपूरचेही करून देतो" म्हणाला तरी तिकडच्या कागदांची त्याला किती जाण आहे, हे पाहावे.

रेराची नोंदणीही राज्यापुरती असते. मध्यप्रदेश रेराकडे नोंदलेला दलाल महाराष्ट्रातल्या योजनेतला फ्लॅट विकून देऊ शकत नाही. त्याला महारेराची नोंदणी लागते. महारेराने २०२३ मध्ये दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. दोन्ही प्राधिकरणांच्या संकेतस्थळांवर नोंदणी क्रमांक टाकून दलाल आणि योजना दोन्ही तपासता येतात. हे काम आपली नातवंडे मोबाईलवर पाच मिनिटांत करून देतात.

नागपूरच्या फ्लॅटची किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का आयकर कापून सरकारात भरायचा असतो. ही दलाली नव्हे. दलालाच्या हातात ही रक्कम देऊ नये, आपणच भरून पावती ठेवावी.

खिशातून एकूण किती लागेल?

घेणारे बहुतेक जण घराची किंमत आणि कर्ज एवढाच हिशेब करतात. पण कर्ज ठरवताना घर अगदी कमी किमतीचे असल्याशिवाय बँक मुद्रांक आणि रजिस्ट्रीचा खर्च किमतीत धरत नाही. दलाली तर धरतच नाही. पंचवीस लाखांच्या घराचे उदाहरण घेऊ.

बँकेचे कर्ज जास्तीत जास्त : २२,५०,०००
स्वतःचा हिस्सा : २,५०,०००
आपल्या शहरांत मुद्रांक, उपकर आणि नोंदणी मिळून साधारण साडेबारा टक्के : ३,१२,५००
दलाली दोन टक्के : ५०,०००
म्हणजे खिशातून : ६,१२,५००

यात एक सोय आहे. महिलेच्या नावे रजिस्ट्री केल्यास आपल्या राज्यात २०२१ पासून नोंदणी शुल्क तीनऐवजी एक टक्का आहे. पंचवीस लाखांवर ते पन्नास हजार वाचतात, म्हणजे दोन टक्के दलाली तिथेच निघते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या संपदा २.० या सरकारी प्रणालीवर आपल्या मालमत्तेचा नेमका खर्च काढता येतो. सौदा पक्का करण्याआधी तो काढून घ्यावा.

पावती घ्या, तिचा उपयोग आहे

दलाली रोख देऊन मोकळे होऊ नका. विकणाऱ्याने दिलेली दलाली नफ्याचा हिशेब करताना विक्रीच्या रकमेतून वजा होते. घेणाऱ्याने दिलेली दलाली पुढे त्याच्या खरेदी किमतीत धरता येते. दोन्हींसाठी पावती आणि बँकेतून दिल्याची नोंद हवी.

दलालाने जीएसटी मागितला तर त्याचा नोंदणी क्रमांक असलेले बिल मागा. दलालीवर दर १८ टक्के आहे. वर्षाला वीस लाखांपेक्षा कमी कामे असणाऱ्या दलालाला सहसा नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही. पन्नास हजारांवर अठरा टक्के म्हणजे नऊ हजार होतात, म्हणून भाव ठरतानाच "जीएसटी धरून की सोडून?" हे विचारावे.

चिठ्ठीचा नमुना

आता कामाचा भाग. खालील मजकूर साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या आणि एक-एक प्रत ठेवली तरी पुष्कळ झाले.

"मी (मालकाचे नाव), माझे (पत्ता) येथील घर विकण्यासाठी गिऱ्हाईक आणण्याचे काम श्री. (दलालाचे नाव) यांना दिनांक ... पासून तीन महिन्यांसाठी देत आहे. माझी अपेक्षा ... रुपये आहे. आलेला प्रत्येक भाव ते मला सांगतील आणि इसाराआधी खरेदीदाराची व माझी समक्ष भेट करून देतील. सौद्याच्या पूर्ण किमतीवर मी त्यांना ... टक्के दलाली देईन. याशिवाय वरची कोणतीही रक्कम ते घेणार नाहीत. खरेदीदाराकडून ते ... टक्के घेणार आहेत, हे मला माहीत आहे. मध्ये इतर कोणी असल्यास त्यांचा हिस्सा याच दलालीतून जाईल. दलालीचा चौथा हिस्सा इसाराच्या वेळी व बाकी रजिस्ट्रीच्या दिवशी बँकेतून दिला जाईल आणि त्याची पावती मिळेल. खरेदीदाराचे कर्ज नामंजूर झाल्यास पुढील रक्कम देय नाही. माझ्या कागदपत्रांतील दोषामुळे सौदा मोडल्यास मी त्यांना ... रुपये देईन."

घेणाऱ्यांनीही अशीच चिठ्ठी करावी, फक्त 'मालक' च्या जागी 'खरेदीदार' लिहावे आणि शेवटच्या अटीत कागदांचा दोष मालकाकडचा असल्यास आपण काही देणे लागत नाही असे घालावे.

यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य समक्ष भेटीचे आहे. माझी बहीण आणि ते गृहस्थ इसाराआधी दहा मिनिटे एकत्र बसले असते, एकमेकांना आकडा सांगितला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. रजिस्ट्रीच्या दिवशी दोघे एकाच खोलीत होते, पण तोपर्यंत दोघांनाही वेगवेगळे सांगून झाले होते.

ओळखीच्या माणसाला कसे विचारायचे?

मला माहीत आहे, खरी अडचण इथेच आहे. दलाल आपल्याच गल्लीतला असतो, लग्नाकार्यात पंक्तीला बसलेला असतो. त्याच्यासमोर कागद ठेवायला जीव कचरतो. मी आता असे सांगतो, "भाऊ, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण उद्या मी नसलो तर पोरांना काय ठरले होते ते कळले पाहिजे. म्हणून लिहून ठेवू." गेल्या दोन वर्षांत सभासदांच्या तीन सौद्यांत मी हेच वाक्य वापरले. दोघांनी हसत सही केली. तिसऱ्याने "असं कोणी लिहून देते का?" म्हणून काम नाकारले. तो सौदा आम्ही दुसऱ्याकडून केला.

बहिणीचे ऑपरेशन पुढच्या वर्षी झाले, आता ती बरी चालते. मी त्या खरेदीदाराला घरी चहाला बोलावून बँकेचे पासबुक दाखवले. तिच्या खात्यात एकवीस लाखच आले होते आणि रोखीचा तिला पत्ताही नव्हता, हे त्यांना पटले. त्यांनीच पुढे चार लोकांत ते सांगितले. पैसे गेले ते गेले, पण निदान तिचे नाव तरी मोकळे झाले.

ज्या सभासदांचा असा सौदा चालू असेल त्यांनी वरची चिठ्ठी उतरवून घ्यावी. काही शंका असल्यास मंडळाच्या मासिक बैठकीत विचारा. मी शेवटच्या रांगेत, पंख्याखाली बसलेला असतो.